नावावर काय काय असतं

मनोरीत कुणी "हल्ली काय करतोस?" विचारलं की मी "कॉम्प्युटरचं काम" एवढं सांगून मोकळा होतो. मार्वेच्या जेटीवरून सुटलेली बोट मनोरीला लागते तेवढ्या थोड्या मिनिटांत, स्कूटरी, शनिवार-रविवारच्या बंगल्यांवर निघालेली पोरं आणि मालाडच्या बाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायका यांच्या गर्दीत, याहून जास्त काही समजावता येत नाही. खरं उत्तर असं की वेबसाइटी बनवण्याच्या जोडीने मी बरीच वर्षं डोमेन नावं घेऊन विकली. त्यातली काही क्रिप्टोच्या धंद्यातल्या लोकांना विकली. त्यांतल्या एका नावाबद्दल हा लेख आहे आणि ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मे वाचक ते लगेच ब्राउझरमध्ये टाकून बघतील, आणि त्या पत्त्यावर पुन्हा कुणी गिऱ्हाईक पाठवायची माझी इच्छा नाही.

धंदा कसा चालतो ते आधी सांगतो. डॉट कॉमचं एखादं मोकळं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांत मिळतं. लोक "विकत घेतलं" म्हणतात, पण तो खरं तर भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मुदत संपल्यावर पैसे भरले नाहीत तर सवलतीचे काही आठवडे जातात आणि नाव पुन्हा बाजारात सुटतं. अशी सुटणारी नावं झेलण्यासाठी रात्रंदिवस टपून बसलेले प्रोग्रॅम आहेत. नियम एकच, आधी येईल त्याचं. उद्या कुणाला तरी लागेल असं नाव आज घ्यायचं, दरवर्षी पैसे भरत राहायचं आणि वाट बघायची. बहुतेक नावं कुणी कधीच मागत नाही. एखाद्याला गिऱ्हाईक येतं आणि ते बाकीच्या सगळ्यांचा खर्च भरून देतं.

मला हा व्यवहार पहिल्यापासून ओळखीचा वाटला, कारण "पूल होणार" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पूल होणार म्हणून लोक खाडीपलीकडून येतात, जमिनी बघतात, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते विचारतात, कुंपण घालतात आणि जातात. समुद्राचं पाणी गोडं करायचा महानगरपालिकेचा प्रकल्प मनोरीत होणार हे पेपरात आलं तेव्हाही गावात चर्चा पाण्याची कमी आणि भावाची जास्त होती. कुंपणाच्या आत गवत वाढतं आणि भाव वाढतो. कुंपणवाल्याने त्यासाठी काही केलेलं नसतं. पूल सरकार बांधणार, वस्ती बाकीचे करणार. हेन्री जॉर्जने १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी'मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता. जमिनीची वाढलेली किंमत सगळ्यांनी मिळून निर्माण केलेली असते, मग ती एकट्या मालकाच्या खिशात का जावी?

याला माझ्याकडे उत्तर तयार असायचं. जमीन मोजकी आहे, अक्षरं मोजकी नाहीत. लॉकने मालकी हक्काला एक अट घातली होती, की तुम्ही घेतल्यावर इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. मी एक नाव अडवलं तर माणूस दुसरं घेईल. मध्ये रेघ टाकून घ्या, डॉट इन घ्या, २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतसुद्धा आहे. हा युक्तिवाद मी इतक्या वेळा केला की त्यातलं भोक दिसायला फार उशीर लागला. पुरेसं उरतं, तितकंच चांगलं उरत नाही. उरत असतं तर पैसे घेऊन माझ्याच दारात कुणी कशाला आलं असतं?

माझे आजोबा डोल जाळ्याने मासेमारी करायचे. समुद्रात खुंट रोवायचे, त्याला जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीत येणारे बोंबील धरायचे. खुंटाची जागा ज्याची त्याची असते आणि बाकीचे ती मानतात. पण तिथे जाळं लागतं म्हणून मानतात. जाळं न लावता नुसते चाळीस खुंट रोवून किनाऱ्यावर "देणे आहे" अशी पाटी लावून बसलेल्या नातवाला आजोबा काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

कायद्याने या धंद्याभोवती एक रेघ आखलेली आहे आणि ती आखण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९९९ मध्ये रेडिफने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, कारण दुसऱ्या कुणी 'रॅडिफ डॉट कॉम' घेतलं होतं. प्रतिवादींनी सांगितलं की हे नाव 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरं आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांचं एकेक आद्याक्षर घेऊन तयार झालंय. न्यायमूर्ती अजित शहा यांना ते पटलं नाही. दुसऱ्याच्या लौकिकावर धंदा करायचा हा उद्देश त्यांना स्पष्ट दिसला. डोमेन नाव म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं त्या निकालात आहे. पुढे २००४ मध्ये 'सिफी'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा पक्की केली. तिथे 'सिफ्फी' हे नाव पाच प्रवर्तकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून आल्याचा खुलासा होता. पकडल्या गेलेल्या नावाला आद्याक्षरं सापडतातच, असा एक नियम मी या दोन खटल्यांवरून काढलाय.

क्रिप्टोतलं आपल्याकडचं ठळक प्रकरण टाटांचं. ब्रिटन-अमेरिकेतल्या मंडळींनी 'टाटा' नावाचं नाणं काढलं आणि ते 'हकुनामटाटा डॉट फायनान्स' व 'टाटाबोनस डॉट कॉम' या पत्त्यांवर मांडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मनाई द्यायला नकार दिला. ही माणसं परदेशात आहेत आणि भारतातल्या गिऱ्हाइकाला उद्देशून धंदा करताना दिसत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये खंडपीठाने ते फिरवलं आणि मनाई दिली. मधल्या अकरा महिन्यांत कुणाकुणाला बॉम्बे हाऊसचा मुलामा असलेलं ते नाणं भरवशाचं वाटलं असेल, हा प्रश्न खटल्याचा नव्हता. खटला टाटांचा होता.

२०२४ च्या ऑक्टोबरात 'जिओहॉटस्टार डॉट कॉम'ची गंमत सगळ्यांनी वाचली असेल. दोन कंपन्या एकत्र येणार हे दिल्लीतल्या एका तरुण प्रोग्रॅमरने आधीच ओळखलं, नाव घेऊन ठेवलं आणि रिलायन्सला त्याच पानावर पत्र लिहिलं, की माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या, सुमारे एक कोटी, आणि नाव घेऊन जा. पुढे ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. लोक त्या पोराला हसले. मी हसलो नाही. त्याने निदान किंमत कशासाठी हवी ते पाटीवर लिहिलं होतं.

मी स्वतः या रेघेच्या अलीकडे राहिलो, याचा मला अभिमान होता. कुठल्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही, कुठल्या माणसाचं घ्यायचं नाही. फक्त शब्दकोशातले शब्द. शब्दकोश कुणाच्या बापाचा नाही, असं मी म्हणायचो.

२०१७ च्या डिसेंबरात बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या आसपास पोचलं तेव्हा मी एका आठवड्यात चाळीसेक नावं घेतली. बहुतेक इंग्रजी, काही हिंदी, दोन-तीन मराठी. पुढच्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून क्रिप्टोवाल्यांची बँकेची दारं बंद केली आणि माझी बरीचशी नावं मी सोडून दिली. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, तेव्हा हातात सहा उरली होती. त्यातलं एक असं होतं की मराठी घरात साठवणुकीसाठी रोज वापरला जाणारा एक साधा शब्द आणि त्याला चिकटून 'कॉइन'. उच्चारायला सोपं, लिहायला सोपं, फोनवर एकदा सांगितलं की कळेल असं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला मागणी आली. मागणाऱ्याचं नाव नव्हतं, मधल्या दलालाचं होतं. दीड लाखापासून सुरुवात झाली आणि तीन लाख वीस हजारांवर सौदा ठरला. पैसे तिसऱ्याकडे जमा झाले, मी नावाचा कोड पाठवला, नाव हललं, पैसे सुटले. कुणी कुणाला पाहिलं नाही. मी त्यावर आयकर भरला. घराचं कौलारू छप्पर नवं केलं.

२०२२ च्या मे महिन्यात आत्याकडे गेलो होतो. आत्या सुके बोंबील विकते, अजूनही आठवड्यातून तीनदा बोटीने मालाडला जाते. तिने मोबाइल पुढे केला. "बघ रं, याला काय झालं, उगडत नाय." वर पत्त्याच्या चौकटीत माझं नाव होतं. म्हणजे मी विकलेलं. पान कोरं होतं.

मग तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. बाजारातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तिला सांगितलं होतं. रोज अर्धा टक्का मिळत होतं, ते पानावर हिरव्या आकड्यांत वाढताना दिसायचं. आधी पाच हजार टाकले, मग वीस, मग बोंबलाच्या हंगामाचे उरलेले. साठ हजार. महिन्याला पंधरा टक्के कुठली बँक देते, हे मी तिला विचारलं नाही. तो प्रश्न विचारायचा अधिकार ज्याला होता तो मी नव्हतो. मी एवढंच विचारलं की तुला हे खरं का वाटलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "नाव आपल्यातला वाटला रं."

त्यानंतर मी बरेच महिने स्वतःच्या बाजूने वकिली केली. ती इथे पूर्ण मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. होडी बांधून विकली आणि पुढे कुणी तिच्यातून चोरटा माल आणला, तर सुताराला कुणी धरत नाही. फसवणूक त्यांनी केली, पान त्यांनी बांधलं, हिरवे आकडे त्यांनी नाचवले. माझ्याकडे ते नाव नसतं तर त्यांनी दुसरं घेतलं असतं. आणि "कशाला हवंय?" हे न विचारणं हा माझा एकट्याचा दोष नाही, तो या धंद्याचा शिष्टाचार आहे. त्यामागे रास्त कारणही आहे. खरेदीदाराने हेतू सांगितला की विकणारा भाव चढवतो, म्हणून सगळे खरे-खोटे खरेदीदार मध्ये दलाल घालतात. गुप्तता म्हणजे लबाडी असं मानलं तर निम्मा बाजार बंद करावा लागेल.

होडीचं उदाहरण मला बराच काळ पुरलं. मग एक दिवस ते फुटलं. होडीची किंमत लाकडाची, खिळ्यांची, सुताराच्या दिवसांची असते. माझ्या नावात लाकूड नव्हतं, खिळा नव्हता आणि माझा एक तासही नव्हता. अकरा-बारा अक्षरं, सरकारी दर हजार रुपये. उरलेले तीन लाख एकोणीस हजार कशाचे? खरेदीदार मूर्ख नव्हता. आत्या जे म्हणाली त्याचेच ते पैसे होते. त्या शब्दावर मराठी माणसाचा जो आयता विश्वास आहे, आईच्या डब्यातल्या नोटांपासून भिशीपर्यंत आणि पतपेढीपर्यंत जो साठत आलाय, त्याची ती किंमत होती. दुसरं नाव त्यांना चाललं असतं, पण मग भावही दुसरा असता. मी तो विश्वास निर्माण केला नव्हता, सांभाळला नव्हता, तो माझा नव्हताच. मी फक्त त्याच्या दारात आधी जाऊन उभा राहिलो होतो. आणि हिशोब केला तर आत्यासारखी सहा माणसं मिळाली की माझी किंमत खरेदीदाराला वसूल.

शब्दकोश कुणाच्या बापाचा नाही, हे खरंच आहे. पण कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे या दोन गोष्टी एक नव्हेत. गावठाणातल्या वाटेवर कुणाचं नाव नसतं म्हणून ती विकता येत नाही. रेडिफच्या नावाचं रक्षण करायला रेडिफ होतं, टाटांच्या नावाला टाटा होते. 'साठवणूक' या शब्दाच्या वतीने कोर्टात जायला कोण आहे? कायद्याची रेघ मालक असलेल्या नावांभोवती आहे. ज्या शब्दांना मालक नाही ते उघड्यावर असतात, आणि माझा अभिमान होता तो नेमका तिथेच कुंपण घालण्याचा.

मराठीत "नावावर आहे" म्हणजे मालकी आणि "नाव आहे" म्हणजे पत. पहिलं सातबाऱ्यावर लिहितात, दुसरं कुठेच लिहिलेलं नसतं. नाव काढायला एक पिढी लागते, घालवायला एक दुपार. डोमेनच्या बाजाराने या दोन अर्थांच्या मधली भिंत पाडली, म्हणजे एक माझ्या नावावर केलं की दुसरं आपोआप विकायला मोकळं.

दुसऱ्याचं नाव उचलून त्यावर हक्क सांगणं आम्हाला तरी नवं नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई-साष्टीतल्या आमच्या ख्रिस्ती लोकांना 'पोर्तुगीज ख्रिश्चन' म्हणत. गोवा-मंगळूरकडून ख्रिस्ती माणसं कामासाठी मुंबईत येऊ लागली, त्यांचीही आडनावं तशीच. आपण त्यांच्यापासून वेगळे, कंपनी सरकारची पहिली रयत, नोकऱ्यांत आपला हक्क आधीचा, हे ठसवायला १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आमच्या पूर्वजांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनी त्याच्या तेरा वर्षं आधीच, १८७४ मध्ये, विसर्जित झाली होती. मुदत संपून सुटलेलं नाव झेलायचाच हा प्रकार. हेतूही स्वच्छ व्यवहारी होता. मग मी वेगळं काय केलं, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर आजोबांच्या खुंटात सापडतं. त्यांनी ते नाव घेतलं आणि त्यात राहायला गेले. त्या नावाने लग्नं लागली, गाणी म्हटली गेली, मसाला कुटून बाटल्यांत भरला गेला, भांडणं झाली, मयताला खांदे लागले. आज ते नाव कंपनीची आठवण करून देत नाही, आमची देतं. खुंटाला जाळं लागलं.

जगात ज्या एका माणसाचा मला या बाबतीत हेवा वाटतो आणि ज्याचं पुढे काय झालं ते समजून घ्यायला मला वेळ लागला, तो मॅट ब्लेझ. अमेरिकेतला हा प्राध्यापक, सांकेतिक लेखनाच्या शास्त्रातला मोठा माणूस. १९९४ मध्ये त्याने अमेरिकी सरकारच्या 'क्लिपर चिप'मधली खोट दाखवून दिली होती. त्याने १९९३ मध्ये 'क्रिप्टो डॉट कॉम' घेतलं, तेव्हा 'क्रिप्टो' म्हणजे क्रिप्टोग्राफी आणि दुसरं काही नाही. वीसहून जास्त वर्षं तिथे त्याचं साधं पान होतं. म्हणजे खुंट होता आणि जाळंही होतं. मग नाण्यांची लाट आली, त्याच्या शास्त्राच्या नावाचं टोपणनाव दुसऱ्यांनी उचललं आणि त्याच्या दारात रांग लागली. हे नाव विकाऊ नाही, असं त्याने पानावर लिहून ठेवलं. आणि २०१८ च्या जुलैत त्याने ते विकलं. 'मोनॅको' नावाच्या क्रिप्टो-कार्डाच्या कंपनीने ते घेतलं आणि स्वतःचंच नाव बदलून ते केलं. किंमत जाहीर झाली नाही. तीन वर्षांनी त्याच नावाने लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध क्रीडागृहाची पाटी बदलली, त्यासाठी वीस वर्षांचे सत्तर कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या.

पूर्वी मला वाटायचं की ब्लेझ शेवटी हरला. आता तसं वाटत नाही. शब्दाचा अर्थ लोकांच्या तोंडातच बदलला होता. १९९३ मध्ये त्याने ज्यावर जाळं लावलं होतं ते पाणीच सरकून गेलं होतं. एकट्याने किती वर्षं शब्दाला धरून ठेवायचं? पण त्याने वाट बघितली, नाही म्हटलं, आणि घेणारा कोण आहे, कशासाठी घेतोय हे सगळ्या जगाला दिसत असताना दिलं. मी पाच दिवसांत दिलं आणि कुणाला दिलं ते आजही सांगू शकत नाही.

गंमत अशी की क्रिप्टोवाल्यांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न खूप आधी केला होता. २०११ मध्ये 'नेमकॉइन' निघालं, बिटकॉइनच्याच कोडवर बेतलेलं. कुठल्या संस्थेची परवानगी नको, कोर्ट नको, डॉट बिट नाव घ्या आणि ते कुणी हिसकावून घेऊ शकणार नाही. २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मोजणी केली. सुमारे एक लाख वीस हजार नावं नोंदलेली होती आणि त्यांतली खरी वापरात होती अठ्ठावीस. बाकी सगळे नुसते खुंट. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मोठ्याने हसू आलं होतं, कारण मी त्या एक लाख वीस हजारांना व्यक्तिशः ओळखत असल्यासारखं वाटलं. पुढे २०१७ मध्ये इथेरियमवर डॉट ईथ नावं आली. त्यांनी शहाणपणा करून वार्षिक भाडं ठेवलं. पाच किंवा जास्त अक्षरांना पाच डॉलर, चार अक्षरांना एकशे साठ, तिनांना सहाशे चाळीस. अडवून बसणाऱ्याला जरा चिमटा बसावा म्हणून. तरी २०२१ मध्ये 'पॅराडाइम डॉट ईथ' चारशे वीस इथरला गेलं आणि बडवायझरने 'बिअर डॉट ईथ'साठी तीस इथर मोजले. भाड्याने अडवणूक थोडी कमी होते, एवढंच. घेणारा कोण आणि कशासाठी, हा प्रश्न तिथे विचारायलाच जागा नाही. करार आपोआप पुरा होतो. माणूस मध्ये नसावा हीच त्याची फुशारकी आहे. माझ्या सौद्यात मध्ये माणूस होता, मी होतो, आणि मी त्या करारासारखाच वागलो.

म्हणून आता माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय की मागणी आली की विचारायचं. कशाला हवंय, कोण घेतंय. उरलेल्या नावांपैकी एकाला गेल्या वर्षी दोन लाखांची मागणी आली. मी हे दोन प्रश्न लिहून पाठवले. परत पत्र आलं नाही. एका मित्राचं म्हणणं की तू प्रामाणिक गिऱ्हाईक घालवलंस, त्याला आपला बेत उघड करायचा नसेल. असेल तसं. या प्रश्नांनी लबाड माणूस खोटं बोलेल आणि सरळ माणूस निघून जाईल, हेही शक्य आहे. प्रश्न विचारून मी जगाचं काही भलं करतोय असं मला वाटत नाही. मला फक्त न विचारल्याचे पैसे नकोत.

राहिली आत्या. त्या पावसाळ्यात मी तिला साठ हजार दिले. खरं सांगायचा विचार केला होता, घरून वाक्य जुळवूनही निघालो होतो. तिथे गेल्यावर म्हणालो, माझ्याकडे पडलेत, तुला लागतील. ती घेईना. शेवटी हातउसने म्हणून घेतले, आणि मी केलेली चूक किती मोठी आहे ते मला घरी परतल्यावर कळलं. जे मी तिचं देणं लागत होतो ते आता ती माझं देणं लागते. मी भरपाई केली नव्हती, कर्ज दिलं होतं. वर गावात ती सगळ्यांना सांगते की भावाच्या पोराने नाव काढलं.

आत्या हे वाचणार नाही. ती मोबाइलवर फक्त प्रार्थना आणि नातवंडांचे फोटो बघते. हा लेख इथे लिहिण्यात तो भित्रेपणा आहेच, तो मी नाकारत नाही.

दर महिन्याला ती हजार रुपये परत करते. बहुतेक वेळा मार्वेच्या जेटीवरच, बोटीची वाट बघताना, कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून. एकदा मी नको म्हटलं तर ती इतकी रागावली की पुन्हा म्हटलं नाही. आतापर्यंत एकतीस पाकिटं झाली. मी ती फोडत नाही, कपाटात बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत. प्रत्येकावर तिने बॉलपेनने माझं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे बचत गटाच्या आणि लाइट बिलाच्या पाकिटांत ते मिसळून जाऊ नये.